मुका खांब

डाव्या हातात रबरी चेंडू दिला होता डॉक्टरांनी. दाबा म्हणाले.
दाबला. चेंडू पुन्हा फुगला.
असं महिनाभर.
मग समोरच्या खोलीतल्या नागमणी चिप्पानं
एक सुई दिली, टोकाला आकडा असलेली,
आणि जांभळ्या लोकरीचा गुंडा.
घे अण्णा. काम दिल्याशिवाय बोटं परत येत नाहीत.

चौतीस वर्षं अक्कलकोट रोडला चार माग सांभाळले मी.
धोटा अडकायच्या आधी
कानाला कळायचं, हात पोचलेला असायचा.
आता एक साखळी घालेपर्यंत
नागमणीच्या दोन विड्या वळून होतात.

टाक्याचं नाव काय म्हणाली? मुका खांब.
हसलो मी. लकव्यानंतर पहिल्यांदा,
एकाच बाजूनं.

पहिल्या दिवशी वीस घरं.
सातव्या ओळीला चौदा.
चौकोनी रुमाल व्हायचा होता, समोसा झाला.
सुई काढली आणि दोरा ओढायला घेतला.
सर्र...
उसवायला एकच हात पुरतो, चांगला असलेला.

आगु, आगु! ओरडली ती,
मांडीवरचं सूप न हलवता,
पानात अर्धी गेलेली कात्री तशीच ठेवून.
शेवटचं घर तू दर ओळीला सोडतोस.
कडेला असतं, मुडपलेलं असतं,
दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं ते.
पोलक्याची सेफ्टी पिन काढून तिनं कडेला अडकवली.
इथवर यायचंच. मग वळायचं.

आणि हरवलेली सहा?
एका घरात दोन टाके घाल. दर ओळीला एकदाच.
सगळी एकदम भरायला गेलास तर फुगा येईल.

फुगा आलाच. मला घाई होती.
त्यालाही तिच्याकडे उत्तर होतं:
दोन घरांतून दोरा उचल, एकदाच सोड.

तिसऱ्या ओळीत भोक होतं, करंगळी जाईल एवढं.
ते कळलं नवव्या ओळीला.
मी पुन्हा दोऱ्याला हात घातला.
तिनं हातावर चापट मारली.
सुरुवातीची शेपूट राखून ठेव म्हटलं होतं ना,
ती कशासाठी?
दाभणात ओवली, उलट्या बाजूनं दोन टाके.
सुलट बाजूला नुसती एक जाड जागा राहिली,
बोटाला लागते, डोळ्याला नाही.

मी नऊ वर्षांची असल्यापासून विड्या वळते, ती म्हणाली.
हजार घेऊन गेलं की चेकर मूठ भरून बाजूला काढतो.
छाट.
का, ते सांगत नाही. नीट करू देत नाही.
छाट काढायला पगारी माणसं ठेवलीत, अण्णा.
घरात फुकट कशाला काढायची?

मला आमचं डॅमेज आठवलं.
खडूची फुली, पगारातून कापलेले पैसे,
आणि तीच चादर अर्ध्या किमतीत आम्हीच घरी आणायचो.
आमच्या घरात बिनफुलीची चादर नव्हती कधी.
थंडी त्यात शिरलेली
मला तरी आठवत नाही.

रुमाल झाला. सव्वीस दिवस लागले.
कमरेत बारीक, डमरूसारखा.
चारी कडांनी तिनं मुक्या खांबाची एक फेरी घालायला लावली,
अरुंद जागी सैल, फुगल्या जागी आवळ,
मग लांबून पाहिलं तर चौकोन.
लांबून.

पंखा लावला की तंबाखू उडते तिची.
सुपावर आता तो असतो.
चेकरसारखा उचलून धरला होता तिनं उजेडात,
चष्म्यावरून पाहिला, उलटा केला,
काही बोलली नाही, अंथरला.

दुसरा सुरू केलाय. केशरी.
साखळ्या मोठ्यानं मोजतो,
जिभेलाही काम हवं.
वीस म्हणायचं असतं, ईस येतं.
दोन साखळ्या जास्त झाल्या
तर सुरुवातीची गाठ सोडतो, मागून तेवढ्याच निघतात,
पुढचं जागचं हलत नाही.
ईस, म्हणतो.
पिनेपाशी पोचतो.
वळतो.